खिडकी कुठल्या भिंतीला

भिंत पडली ती भरदुपारी आणि आत कुणी नसताना, एवढंच काय ते बरं झालं. आत्या शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसली होती. धाडकन आवाज झाला, धुळीचा लोट दारातून आत आला आणि तिच्या पुढ्यातली भाजी पिठात घोळल्यासारखी पांढरी झाली. उठून पाहते तो प्रार्थनाघराची उगवतीकडची सबंध भिंत गल्लीत आडवी झालेली. आणि भिंतीबरोबर खिडकीही गेलेली.

भिंतीचं दुःख कुणाला फारसं झालं नाही. भिंती पडतात, पुन्हा उभ्या राहतात. खिडकीची गोष्ट वेगळी होती.

या लोकांना गावात खिडकीवाले म्हणत. त्यांच्या प्रार्थनाघरात काय असायचं, तर एक मोकळी खोली, खाली चटया, आणि एका भिंतीला एक खिडकी. सकाळी यायचं, खिडकीसमोर बसायचं आणि तिच्यातून बाहेर पाहायचं. बाहेर गल्ली, समोरच्यांची कौलं, वर आभाळ. पण त्याच्याही पलीकडे, फार लांब, एक डोंगर आहे, तिथे त्यांचा धर्म जन्माला आला, आणि खिडकी बरोबर त्याच्या रेषेत आहे, असं प्रत्येकाला लहानपणी सांगितलेलं असे. डोंगर दिसत नसला तरी नजर त्याच्या वाटेवर ठेवायची. एवढीच प्रार्थना. तो डोंगर पाहिलेला एकही माणूस आता हयात नव्हता. आत्यानंही पाहिला नव्हता. सत्तर वर्षं ती रोज त्याच्याकडे बघत होती, आणि पाहिला मात्र एकदाही नव्हता.

कधीकाळी त्या वस्तीत चारशे घरं खिडकीवाल्यांची होती. आता माणसं उरली होती सात, आणि त्यातला सगळ्यांत तरुण अडुसष्ट वर्षांचा. पण माणसं गेली तरी त्यांची सवय वस्तीत राहिली होती. तिथल्या प्रत्येक घराची मोठी खिडकी उगवतीकडेच असे, लोहाराच्या घराचीसुद्धा. आणि लोहारांत तर खिडकीवाला कधी कुणी झालाच नाही. सुतारांचे हातच तसे बसलेले. शाळेत मुलं उगवतीकडे तोंड करून बसत. का, ते मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

आत्या या घराची राखणदार. झाडायची, चटया झटकायची, आणि सकाळी सर्वांच्या पुढे, खिडकीच्या अगदी जवळ बसायची. तिच्या घरात दुसरं माणूस म्हणजे तिची भाची. भाचीला आईबाप आठवत नव्हते. चौथ्या वर्षापासून आत्यानंच वाढवलं. अंगानं सडसडीत आणि नोकरी जमीनमोजणीच्या कचेरीत, दिवसभर नकाशांना टाचण्या टोचायची, म्हणून तिचं नाव पडलं टाचणी. आता ती पंचेचाळिशीला आली तरी नाव काही सुटलं नव्हतं. खिडकीसमोर बसणं तिनं पंचविशीतच सोडलं होतं. भांडण झालं नाही, काही नाही. एके दिवशी उशीर झाला, दुसऱ्या दिवशीही झाला, आणि मग उशीर व्हायचाच थांबला.

गवंडी आला आणि काठीनं ढिगारा उकरत म्हणाला, "आजी, भिंत मी आठ दिवसांत उभी करतो. पंधरवड्यानं मला दुसरं काम आहे, त्याआधी मोकळा होतो. चौकट कुठं बसवायची तेवढं दाखवा."

"जिथं होती तिथंच."

"अहो, पण ती होती कुठं? सगळी माती झालीय. सरळ होती की जराशी तिरकी? चार बोटं इकडं का चार बोटं तिकडं?"

सत्तर वर्षं पाहिलेल्या खिडकीची जागा आत्याला बोटांनी सांगता येईना.

"खिडकी म्हणजे खिडकी," गवंडी म्हणाला. "वारा आला, उजेड आला, झालं."

"तुझ्या घरची असेल तशी. ही अंदाजानं बसवायची नाही." आत्यानं भाचीकडे पाहिलं. "टाचणे, तुझ्या कचेरीत एवढी यंत्रं आहेत. लोकांच्या बांधावरून बोटभर जमीन शोधून देतेस. आमचा डोंगर नेमका कुठं आहे ते काढ. रेषेत बसवू दे त्याला खिडकी. केसाचाही फरक नको."

वीस वर्षांत आत्यानं खिडकीच्या बाबतीत तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. टाचणी म्हणाली, "काढते."

कचेरीतले दप्तरवाले काका निवृत्तीला टेकलेले. जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांत ते असे वावरत की जणू त्यांनीच त्या कातल्या असाव्यात. टाचणीनं डोंगर विचारला तेव्हा ते हसले. "डोंगर शेकडो आहेत, बाई. नाव?"

"नाव नाही. आम्ही नुसतं डोंगर म्हणतो."

"म्हणजे बाळाला नुसतं बाळ म्हणायचं, आणि जत्रेत हरवल्यावर शोधायचं!"

पण दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच तिला हाक मारली. शंभर वर्षांपूर्वीचे सहा कागद त्यांनी मेजावर कडेला कडा जुळवून पसरले होते. एका कागदाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एका उंचवट्याशेजारी लिहिलं होतं : खिडकीवाल्यांचा डोंगर. नव्या नकाशावर त्या जागेला दुसरंच नाव होतं, आणि ते नाव टाचणीला चांगलं ठाऊक होतं. रस्त्यांसाठी खडी तिथूनच येई.

डोंगरापासून टाचणीच्या गावापर्यंत नऊ छोटे चौकोन काढलेले होते, जवळजवळ सारख्या अंतरावर. ते काय, हे तिला विचारावं लागलं नाही. तिचे पूर्वज रंगाच्या पुड्या विकत हिंडणारे लोक. पाठीवर गोणी आणि गावोगाव पायपीट. त्यांचा एक नियम होता : खिडकीवाचून एकही रात्र काढायची नाही. म्हणून दर दिवसाच्या चालीवर त्यांनी एक घर बांधलं. धर्म काही पाखरासारखा उडत येत नाही. तो माणसांच्या पायांनी चालतो, आणि पाय संध्याकाळी दुखतात. जिथे पाय दुखले तिथे घर झालं. घराशेजारी विहीर झाली, विहिरीशेजारी बाजार, बाजाराशेजारी गाव. नववं घर म्हणजे तिचं. तिथे नदी रुंद होती, रंगाला पाणी भरपूर होतं, आणि चालणं संपलं.

टाचणीनं पट्टी ठेवली. मग होकायंत्र ठेवलं. मग पट्टी उचलून पुन्हा ठेवली.

डोंगर मावळतीला होता. नेमका खिडकीच्या उलट्या अंगाला.

"चुकत असेन मी," ती म्हणाली.

"नाही चुकत," दप्तरवाले काका हळूच म्हणाले. "जुन्या दप्तरात नोंद आहे, तुमचे लोक मुळात डोंगराच्या त्या बाजूचे. तिकडून डोंगर उगवतीला दिसायचा. तिथल्या सगळ्या खिडक्या उगवतीला. मग ही मंडळी डोंगर ओलांडून इकडं आली. डोंगर मागं राहिला, आणि खिडक्या मात्र होत्या तशाच."

टाचणी संध्याकाळी घरी लवकर गेली नाही. नदीकाठानं हिंडली. आत्याला सांगायचं कसं, हा एकच प्रश्न. आणि न सांगावं, तर? भिंत उभी राहील, खिडकी बसेल, सात म्हातारी माणसं जाईपर्यंत कुणाला कळणार नाही. पण आत्यानं केसाचाही फरक नको म्हटलं होतं. आणि आत्याशी खोटं बोलणं टाचणीला लहानपणीही कधी जमलेलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

तिनं सांगितलं तेव्हा गवंडी तिथेच होता, दगड रचत. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आम्ही सगळ्यांनी सगळा जन्म त्याच्याकडे पाठ केली?"

गवंड्याला राहवेना. "असं का म्हणता, आजी? डोंगर आजवर तुमच्या पाठीशी उभा होता, असं म्हणा की!"

"शब्दांचा गिलावा मला नको लावूस," आत्या म्हणाली. "भिंतीला लाव."

रात्री ती जेवली नाही. सकाळी भाचीच्या अंथरुणाशी येऊन बसली. "कागदावरचं मला सांगू नकोस. माझे गुडघे जिना चढत नाहीत, नाहीतर मीच गेले असते. तू जा. डोंगर बघ, ती घरं बघ. त्या लोकांनी काय केलं ते डोळ्यांनी बघून ये. तोवर भिंत गुडघ्याएवढीच राहू दे."

गवंडी कुरकुरला. आत्यानं त्याला आधी अंगण फरसबंद करायला लावलं.

बसनं डोंगरापर्यंत दीड दिवस लागला. टाचणी आधी थेट पायथ्याशी गेली, म्हणजे पूर्वज जसे आले तसं तिला परत येता येणार होतं. डोंगर पाहिल्यावर पहिल्यांदा तिला आत्याचीच कीव आली. केवढासा तो! वर झाड नाही, आणि एक खांदा खडीच्या यंत्रांनी खाऊन टाकलेला. खाली ट्रक उभे. चहाच्या टपरीवर तिनं विचारलं, "इथे काही प्रार्थनेची जागा आहे?" टपरीवाला म्हणाला, "इथं सुरुंग लावतात, ताई. प्रार्थना लोक आपापली करतात."

पहिलं घर दिवसाच्या चालीवर, म्हणजे बसनं पाऊण तासावर. आता ते किराणा दुकानाचं कोठार होतं. दुकानदारानं किल्ली दिली. पोत्यांमागे खिडकी होती, कडेनं निळ्या रंगाची जुनी पट्टी. टाचणीनं होकायंत्र काढलं, आणि लगेच ठेवून दिलं. गरजच नव्हती. खिडकीतून डोंगर दिसत होता, चौकटीच्या अगदी मधोमध.

मावळतीला. बरोबर.

दुसऱ्या घराच्या तीनच भिंती उरल्या होत्या. त्यातल्या मावळतीच्या भिंतीत खिडकी, आणि खिडकीत डोंगर मुठीएवढा. तिसऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार चाकाची तार ओढता ओढता म्हणाला, "खिडकीवाले? तुम्हीच का ते? माझा आजा म्हणायचा, जागा नीट ठेवा रे, ते परत येतील. फार वेळ लावलात!"

"डोंगर दिसतो का हो इथून?"

"धुकं वितळलं की दिसतो. सकाळी या."

ती सकाळी गेली. टायरांच्या ढिगाजवळ, खिडकीसमोर, एका उलट्या डब्यावर बसली. धुकं हळूहळू पातळ झालं आणि क्षितिजावर नखाएवढं काहीतरी निळसर उमटलं. पायथ्याशी उभं राहून जो डोंगर तिला केवढासा वाटला होता, तो इथून पाहवेना. वीस वर्षं ज्या खिडकीसमोर ती बसली नाही, तिची तिला आठवण झाली. आणि त्याहून जास्त आत्याची, की हा डबा तिचा होता, इथे ती बसायला हवी होती. सायकलवाल्यानं तिच्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि पंप मारायला निघून गेला.

चौथं घर एका लांबलचक चढणीच्या पलीकडे होतं. चढण ओलांडली आणि टाचणीनं मागे वळून पाहिलं. डोंगर नव्हता. चढणीनं तो झाकून टाकला होता, आणि इथून पुढे तो कधीच दिसणार नव्हता. घराचं छप्पर गेलेलं, पण भिंती धड होत्या.

खिडकी उगवतीला होती.

तिथे ती बराच वेळ बसली. संध्याकाळी दमून कुणीतरी इथे आलं असेल. सकाळी दगड रचायला घेतले असतील आणि सवयीनं मागे पाहिलं असेल, तर डोंगर नाही. मग खिडकी ठेवायची कुठे? विचारणार कुणाला? डोळ्यांपुढे आलं असेल ते डोंगरापलीकडचं लहानपणचं घर, जिथे आईच्या मांडीवर बसून तो खिडकीकडे पाहायचा आणि समोरून ऊन अंगावर यायचं. त्यानं तशीच खिडकी ठेवली. पाचव्या घरानं चौथ्याचं पाहिलं, सहाव्यानं पाचव्याचं. असं करत करत ती चूक नदीपर्यंत आली आणि तिथे चारशे घरांची वस्ती झाली.

पाचवं, सहावं, सातवं, आठवं. टाचणीनं सगळी पाहिली. सगळी उगवतीला.

ती घरी आली तेव्हा आत्या गुडघ्याएवढ्या भिंतीवर बसून वाट पाहत होती. पाणीसुद्धा विचारलं नाही. "कसा आहे?"

"लहान आहे गं."

"केवढा लहान?"

"आपल्या शाळेची टेकडी आहे ना, तिच्याहून थोडा मोठा. एक बाजू खडीसाठी फोडलीय. ट्रक येतात."

आत्यानं तिच्या कानांकडे पाहिलं. ते लाल नव्हते. "बरं," ती म्हणाली. "पुढं सांग."

टाचणीनं सगळं सांगितलं. कोठार, निळी पट्टी, सायकलवाला, धुकं. तिसऱ्या घरातला नखाएवढा डोंगर सांगताना तिचा आवाज फिरला, तेव्हा आत्यानं तिचा हात धरला आणि सोडला नाही. चौथ्या घरापाशी आल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे ज्यांना दिसत होता, ते त्याच्याकडे तोंड करून बसले."

"हो."

"आणि ज्यांना दिसेना, ते आईच्या घरासारखे बसले."

"तसंच असणार."

दुसऱ्या दिवशी साती जण जमले. चष्मेवाले काका, साठ वर्षं आत्याच्या मागच्या चटईवर बसणारे, सगळ्यांच्या वतीनं बोलले. "हे बघ, कागद खरे असतील. पण मावळतीच्या भिंतीला लागून लाँड्री आहे. मध्ये हात जाईल एवढीच फट. तिथं खिडकी पाडून आम्ही काय बघायचं? लोकांच्या चादरी?"

"चादरींच्या मागं डोंगर आहे," आत्या म्हणाली.

"असेल! पण माझे वडील उगवतीला बघत गेले. आई तशीच गेली. आता माझे राहिलेत किती दिवस? या वयात मान वळायची नाही गं माझी, मोडेल." सगळे हसले. मग चष्मा पुसत ते हळू आवाजात म्हणाले, "सकाळचं ऊन तोंडावर आलं की मला आई आठवते. ते नको काढून घेऊस."

आत्यानं एकेकाकडे पाहिलं. सहाही माणसं उगवतीच्या बाजूची होती. तिनं वाद घातला नाही. गवंड्याला हाक मारली, "बसव रे उगवतीला. सरळ. चार बोटं इकडं तिकडं झालं तरी चालेल."

टाचणीला वाटलं, संपलं. एवढं हिंडून आलो ते फुकट गेलं. आणि आत्याच्या तोंडाकडे पाहवेना.

भिंत उभी राहिली, चौकट बसली, गिलावा वाळला. पहिल्या सकाळी टाचणी आत्याला हात धरून दारापर्यंत घेऊन गेली आणि कचेरीला उशीर होत असूनही दारातच थांबली. सहा जण आपापल्या चटयांवर बसले. आत्या नेहमीसारखी सर्वांच्या पुढे, खिडकीपाशी गेली. खाली बसली. आणि मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, जागच्या जागी वळली. पाठ खिडकीकडे आणि तोंड मावळतीला. सगळ्यांच्या समोर.

थोड्या वेळानं चष्मेवाले काका कुजबुजले, "अगं, तू आमच्याकडे बघत बसलीस तर आम्ही कसं बसायचं? मास्तरीणबाई समोर बसल्यासारखं वाटतंय."

"तुमच्याकडे नाही बघत. तुमच्या मागं बघतेय."

"मग जरा लवकर बघ. मला हसू येतंय."

ऊन खिडकीतून आत आलं. आत्याच्या खांद्यांवरून ते पुढे सरकलं आणि सहा म्हाताऱ्या चेहऱ्यांवर पडलं. साठ-सत्तर वर्षं ही माणसं तिच्या मागे बसत आली होती. त्यांचे खोकले तिला पाठ होते, चेहरे मात्र या उजेडात तिनं कधी पाहिले नव्हते. चष्मेवाले काका डोळे मिटून बसले होते आणि त्यांची हनुवटी थरथरत होती. आत्या आधी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग त्यांच्यावरून पलीकडे, कोऱ्या भिंतीकडे.

टाचणी दारातून आत आली. रिकामी चटई नव्हती, म्हणून जमिनीवरच आत्याशेजारी बसली. वळावं की नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती आत्याच्या बाजूनंच वळली. तिला ठाऊक होतं समोर काय काय आहे : भिंत, लाँड्री, नदी, पाच घरं, चढण, सायकलचं दुकान, एक उलटा डबा.

"दिसतो का गं?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. भिंतीवरची नजर तिनं हटवली नाही. "तू पाहिलायस ना? मग सांग मला. चढणीपासून सुरू कर. सावकाश सांग."

टाचणी तिच्या कानाशी वाकली आणि चढणीपासून सांगू लागली.